गुडघ्याखालचा हीटर

त्यांना सगळे ‘गुडघे’ म्हणत. खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते फक्त लाइटबिलावर यायचं. धंदा गाड्यांच्या सीटना कव्हरं शिवून चढवण्याचा. चढवताना हा गृहस्थ सीटवर उजवा गुडघा रोवायचा, अंगाचा सगळा भार त्यावर टाकायचा आणि कापड असं खेचायचा की सुरकुतीची काय बिशाद! पाठीमागच्या टेकणीलाही तोच प्रसाद. “हात काय, सगळ्यांनाच असतात,” ते म्हणायचे, “कव्हर बसतं ते गुडघ्यानं.”

बायको ड्रायव्हिंग शिकवायची. थंडीत शिकाऊ मंडळी आणखीच कुडकुडतात, म्हणून तिनं गरम होणाऱ्या सीटची एक जुनी गाडी घेतली. सीट फाटक्या होत्या. गुडघ्यांनी हौसेनं लालचुटूक कव्हरं शिवून चढवली आणि बायकोला दाखवताना नवरदेवासारखे लाजले.

मग एक गंमत सुरू झाली. जो शिकायला बसे, तो थोड्या वेळानं डावीकडे कलायला लागे. बाईंना वाटे, भीतीनं. “अहो, गाडीत बसलाय, घोड्यावर नाही!”

आत्यानं मात्र बिंग फोडलं. ही गुडघ्यांची सख्खी आत्या. साठी उलटल्यावर गाडी शिकायचं तिनं मनावर घेतलं होतं. भर चौकात तिनं करकचून ब्रेक मारला.

“सूनबाई, ही सीट चावते!”

“आत्या, सीट कशी चावेल?”

“मग तू बस हिच्यावर. तुझी हाडं कोवळी आहेत.”

आत्या उतरली, तर तिच्या पँटवर मागे तपकिरी डाग. कपड्यावर इस्त्री विसरावी तसा.

गाडी तडक दुकानासमोर आली. शेजारच्या दुकानातला वायरमन, म्हणजे गुडघ्यांचा शाळेपासूनचा दोस्त, आत डोकं घालून म्हणाला, “फ्यूज शाबूत आहे.”

“झालं तर मग!” गुडघे म्हणाले. “बिघाड असता तर फ्यूज उडाला नसता?”

“फ्यूज उडतो करंट वाढला की. आत केसासारख्या तारा आहेत. एखादी मुरडून अर्धवट तुटली की तेवढीच जागा तापते, आणि फ्यूजला पत्ताही लागत नाही. कुणीतरी इथं भार रोवलाय.”

“माझ्या गुडघ्याकडे काय बघतोस?”

“मग कुणाच्या बघू?”

“जुन्या मालकानं मोडलं असेल!”

“उसवा,” बाई म्हणाल्या.

“अगं, दुहेरी शिलाई आहे!”

“आणि आत्यांची कातडी एकेरी आहे. उसवा.”

गुडघ्यांनी स्वतःचीच शिलाई तोंड वाकडं करून उसवली. आत फोममध्ये काळा करपलेला गोल होता. आत्यानं भाच्याचा पाय धरला आणि त्याचा गुडघा त्या गोलावर टेकवला. इतकं मापात त्यांचं कव्हरही कधी बसलं नव्हतं.

सगळे खो खो हसले. गुडघेही हसायला लागले आणि मध्येच थांबले.

बाईंनी ते हेरलं. “अशा गरम सीटच्या आणखी गाड्या केल्यात?”

“केल्यात थोड्या.”

“थोड्या म्हणजे?”

“बऱ्याच.”

“मग फोन लावा.”

“अगं, समोरचा कव्हरवाला टाळ्या पिटेल! एवढ्या वर्षांचं नाव आहे माझं.”

“कुणाची सीट पेटली तर त्या नावाचं काय लोणचं घालायचंय?”

पहिल्या फोनवर गुडघे हवापाण्याविषयीच बोलत राहिले. बाई खाकरल्या. तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. “हीटर लावू नका. कव्हर चढवताना मी गुडघा रोवला, आतली तार मोडली असेल. चूक माझी. गाडी आणा, फुकट करून देतो.” लोक हसले, पण गाड्या घेऊन आले. अडून बसले ते दातांचे डॉक्टर.

“मुळीच आणणार नाही! बरोबर कमरेच्या दुखऱ्या जागी शेक मिळतो. मी तर तुम्हाला दुवा देत होतो!”

“डॉक्टर, उद्या सीट पेटेल!”

“माझी कंबर, माझी सीट.” फोन बंद.

गुडघे तसेच उठून दवाखान्यात गेले. डॉक्टर एका पेशंटच्या जबड्यात गुंतलेले. मान वर न करता त्यांनी गाडीची किल्ली द्यायला नकार दिला. मग गुडघ्यांनी बाहेर बाकावर ताटकळलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा आवाज लावला, “डॉक्टर, तुमच्या सीटला आग लागेल, आणि ती माझ्यामुळे!”

आतल्या खुर्चीलाच आग लागणार असं वाटून बाकावरची मंडळी ताडकन उठली. एकजण तर दुखरा दात घेऊन दारापर्यंत पोचला. पेशंट चाललेले बघून डॉक्टरांनी निमूटपणे किल्ली काढून दिली.

गुडघ्यांनी फुटपाथवर आडवं होऊन सीटखाली हात घातला आणि हीटरचा प्लग उपटला. डॉक्टर दारात उभे, चेहरा पडलेला.

“आता माझ्या कमरेचं काय?”

“गरम पाण्याची रबरी पिशवी घ्या,” कपडे झटकत गुडघे म्हणाले. “तिला कव्हर मात्र माझ्याकडूनच शिवून घ्या.”