आईच्या खाटेवरचा वर्ग

हल्ली माझ्या वर्गातल्या बायका लोडाशी इंग्रजीत बोलतात. अंबरनाथ पश्चिमेला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर तो लोड. परदेशात म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला जाणाऱ्या बायकांना मी इंग्रजी शिकवते. जाण्याआधी त्यांची परीक्षा होते आणि खाटेशी उभं राहून रुग्णाशी बोलून दाखवावं लागतं. लोड ऐकून घेतो. चुका काढत नाही. पूर्वी त्या खाटेवर माझी आई असायची.

आई बदलापूरजवळच्या शेतकरी घरातली. बाबा गेल्यावर माझ्याकडे राहायला आली आणि एके दिवशी न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण घरी आणल्यापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टरांनी बजावलं होतं, बसवा, कुशीवर वळवा, नाहीतर पाठीला जखमा होतील आणि छातीत कफ साचेल. मी हात लावला की ती अंग ताठ करायची.

"सोड. पोतं हाय का मी?"

सांभाळायला ठेवलेल्या दोन बाया तिच्या जिभेला कंटाळून गेल्या. मला रडत बसायला वेळ नव्हता. वर्ग त्याच खोलीत चालायचा, दुसरी जागा नव्हती.

मी शिकवायचे ते मुख्यतः क्रियापदांमागचे लहान शब्द. अप, डाउन, ओव्हर, ऑन. आपण मराठीत दोन क्रियापदं जोडून काम भागवतो. उठून बस, निघून जा, टाकून दे. इंग्रजीत ते काम हे शेपटाएवढे शब्द करतात, आणि आपल्या बायका नेमकं शेपूट गाळतात. पाठ करून ते येत नाहीत असं माझं मत आहे. बोलायचं आणि अंगाने करायचं, म्हणजे डोक्यात बसतात. म्हणून बायका सतरंजीवर एकमेकींना झोपवून सराव करायच्या.

त्यांत बेलवलीची एक बाई होती. अंगाने काडी, नवऱ्याने टाकलेली, शाळकरी मुलगी आईकडे ठेवून दिवसा एका दुकानात उभी राहायची. तिला जायचंच होतं, आणि तिचंच इंग्रजी सगळ्यांत कच्चं होतं. एकदा ती सतरंजीवरच्या मैत्रिणीला म्हणाली, "सिट! सिट!"

खाटेवरून आवाज आला, "खालचा कुत्रा वर आला काय गो?"

तळमजल्यावर सिंधी कुटुंब राहतं. त्यांच्या पांढऱ्या कुत्र्याला दिवसभर हाच शब्द ऐकवतात. सगळ्या हसल्या, बेलवलीची मात्र लाल झाली. मी आईला सांगितलं, "सिट म्हणजे बस. पण पडलेल्या माणसाला उठून बसवायचं तर सिट अप म्हणायचं."

"मग ही अर्धंच का बोलते?" आईने भिंतीकडून मान वळवली. "इकडं ये. मला सांग. पुरतं सांग."

बेलवलीची खाटेजवळ गेली. घाबरून हात पाठीमागे बांधून म्हणाली, "आजी, सिट अप."

आईने उजवा तळहात चादरीवर दाबला, मग कोपर टेकलं, आणि उठून बसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, कुणी न ओढता. मी फळ्याकडे वळले आणि पुढचं क्रियापद लिहिलं. कौतुक केलं असतं तर ती परत आडवी झाली असती.

त्यानंतर ती वर्गाच्या दिवशी सकाळीच वेणी घालून मागायची. चांगलं पातळ नेसायची. शेजारीण डोकावली की "आता नको, माझा क्लास हाय," म्हणून तिला वाटेला लावायची. नुसतं टर्न म्हटलं की विचारायची, "कुठं? रिक्षा हाय का मी?" टर्न ओव्हर म्हटलं की भिंतीकडचा खाटेचा कठडा धरून स्वतःची स्वतः कुशीवर वळायची. लीन ऑन मी म्हटलं की बेलवलीच्या बाईकडे पायापासून डोक्यापर्यंत बघायची. "हिच्यावर रेलू? मोडंल ती."

बोलण्याआधीच कुणी दंड धरला तर हातावर चापट बसायची. त्यावरून मी वर्गाचा नियम केला. सांगा, थांबा, मग हात लावा. दुसरा नियमही तिच्याच खाटेशी झाला. सांगितलेलं त्या माणसाला जमलं नाही, तर तो शब्द तसाच टांगता ठेवायचा नाही. जमेल असं काहीतरी लगेच सांगायचं. पडलेल्या माणसाला आपण हरलो असं वाटू द्यायचं नाही.

पाठीला जखमा झाल्या नाहीत. डॉक्टर विचारायचे, काय करता? मी म्हणायचे, इंग्रजी शिकवते.

बेलवलीची पास झाली. पेढे घेऊन आली आणि आईच्या पाया पडली. आई म्हणाली, "तिकडं अर्धं बोललीस तर माझं नाव जाईल." ती रडली. आईने तिला पेढ्याचा खोका आत ठेवायला सांगितला, मुंग्या लागतील म्हणून.

मग काही महिने परदेशातली मागणी थांबली. मुली यायच्या बंद झाल्या आणि वर्ग रिकामा पडला. मी आईला म्हटलं, "आई, सिट अप."

"का? तू परीक्षेला बसतेस काय?"

मी मराठीत समजावलं, रागावले, डॉक्टरांचा धाक घातला. ती भिंतीकडे वळली. शेवटी खालच्या सिंधी बाईंना वर आणलं. त्या प्रेमाने म्हणाल्या, "अम्मा, सिट अप करो ना." पाहुणीचा मान म्हणून आई एकदा बसली. त्या गेल्यावर मला म्हणाली, "हिला कुठं जायचंय? उगाच दमवलंस."

त्याच सुमारास बेलवलीच्या बाईचा आवाजी निरोप आला. मी फोन आईच्या कानाशी धरला. "आजी, मी पुरतं बोलते हां. पण इथले आजोबा फार गरीब. चुकून नुसतं सिट म्हटलं तरी उठून बसतात."

मला वाटलं आई हसेल. तिने फोन हाताने बाजूला सारला.

"मग त्याला घरचं कोण नसंल," ती म्हणाली.

मी रोज तिला वळवायचे. आता ती अंग ताठ करत नव्हती, हात लावला तरी काही म्हणायची नाही. मला ते आवडलं नाही. महिन्याभरात छाती भरली आणि तिला उल्हासनगरच्या रुग्णालयात हलवावं लागलं. तिथल्या सिस्टर तिला दोघींनी धरून वळवायच्या, चादर बदलायच्या आणि पुढच्या खाटेकडे जायच्या. त्यांचं काम चोख होतं. आई डोळेही उघडत नव्हती.

एका दुपारी डॉक्टर म्हणाले, जमलं तर थोडं बसवून बघा, श्वासाला बरं पडेल. मी खाटेशी उभी राहिले.

"आई, उठून बस."

काही नाही.

मग मी वर्गातल्या आवाजात म्हटलं, "आजी, सिट अप."

तिचा उजवा तळहात चादरीवर सपाट झाला आणि त्याने खाली दाबलं. नखं पांढरी पडली. त्यानंतर कोपर टेकायला हवं होतं. मी हात लावला नाही. सांगा, थांबा. मी थांबले. शेजारच्या खाटेवरच्या बाईची सून थर्मास उघडता उघडता आमच्याकडे बघत राहिली. तळहात चादरीला घट्ट चिकटून होता आणि कोपर काही आलं नाही.

तिच्या कपाळाला आठी पडली होती. वर्गात शब्द विसरलेल्या बाईच्या कपाळाला पडायची, तशी.

तिला त्या शब्दाखाली तसंच ठेवणं बरोबर नव्हतं. मी वाकून तिच्या कानाशी म्हटलं, "लाय डाउन, आजी."

ती पडलेलीच होती. तळहात सैल झाला, आठी गेली.

"बरोबर," मी म्हटलं, आणि तिच्या पाठीखाली हात घालून तिला कुशीवर वळवलं.