प्रगतिपुस्तकातला शेरा

बागवे बाई लसूण सोलावा तसा शब्द सोलायच्या. डिलाईल रोडवरच्या आमच्या शाळेत त्या पर्यवेक्षिका होत्या. शिक्षकांच्या खोलीत कुणी एखाद्या मुलाला 'वाह्यात' म्हणालं, की हातातलं काम तसंच ठेवून विचारायच्या, "सोल बघू तो शब्द. आत काय निघतं?" सगळा जन्म घोडपदेवच्या चाळीत गेलेला, माहेर-सासर दोन्ही मालवणकडचं, आणि संस्कृत मात्र स्वतःच्या हौसेनं शिकलेल्या. आम्ही तरुण शिक्षिका त्यांच्या पाठीमागे हसायचो. माझी नक्कल तर फार वाखाणली जायची.

मी तेव्हा शिक्षणसेवक होते, नोकरीत कायम व्हायला चार महिने उरलेले. माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. त्यात वैशाली नावाची मुलगी होती. मधल्या सुट्टीत ती वर्गात थांबायची नाही. जिन्यात उभी राहून, भिंतीकडे तोंड करून डबा खायची. काही विचारलं तर उत्तर नाही. मी तिच्या प्रगतिपुस्तकात लिहून टाकलं, 'स्वभाव विक्षिप्त.' गठ्ठ्यातल्या इतर पुस्तकांसारखी बाईंनी त्यावरही सही केली.

पालकांच्या सहीविना पुस्तक परत आलं तेव्हा बाईंनी शेरा वाचला आणि मला बोलावलं. या खेपेला सोलायचं काम त्यांनी स्वतःच केलं. "क्षिप्त म्हणजे फेकलेलं. त्याला वि लागला, की दूर, विखरून. विक्षिप्त म्हणजे मुळात भिरकावून दिलेला. आपण म्हणतो, अमका जगाची रीत सोडून वागतो. शब्द तसं म्हणत नाही गो. तो म्हणतो, याला कुणीतरी फेकलंय. आता तू सांग, या पोरीला कोणी फेकलं?"

मला ते माहीत होतं. वैशालीचे वडील इस्पितळाच्या शवागारात कामाला होते. ते कळल्यापासून ती बसली, की मुली आपापले डबे उचलून दुसऱ्या बाकावर जायच्या. एकदा नव्हे, रोज. वह्या तपासता तपासता मी ते बघत होते आणि एका शब्दानं कुणाला बोलले नव्हते.

हे सांगताना मला रडू आलं. बाईंनी समजूत घातली नाही. "रड नंतर. हे पुस्तक पुढच्या प्रत्येक वर्गशिक्षकाच्या हातात जाणार. नवं हवं तर मुख्याध्यापकांना लेखी द्यावं लागेल, चूक कोणाची ते. तू लिहितेस की मी लिहू?"

मी खाली बघत उभी राहिले. मला नोकरीची भीती वाटत होती, दुसरं काही नाही. बाईंनी कागद ओढला. 'न वाचता सही केली, जबाबदारी माझी' असं लिहून दिलं. माझं नाव त्यात कुठेच नव्हतं. निवृत्तीला वर्ष असताना त्यांना मेमो मिळाला. नवं पुस्तक घेऊन त्या वैशालीच्या घरी गेल्या आणि तिच्या आईवडिलांची माफी मागून आल्या. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत त्या आठवीच्या वर्गात, वैशालीच्या बाकावर डबा उघडू लागल्या. त्यांची सुकट तिला, तिची भाजी त्यांना. महिनाभरानं त्या बाकावर बसायला जागा उरेना.

मी कायम झाले. बाईंची नक्कल करणं तेवढं सोडलं.

गेल्या वर्षी बाई गेल्या. घोडपदेवला गेले तर चाळीच्या गॅलरीत वैशाली उभी होती. ती आता परिचारिका आहे. माझ्या तोंडून एकदम निघून गेलं, "वैशाली, तो शेरा मी लिहिला होता. बागवे बाईंनी नाही."

"माहितीय बाई," ती म्हणाली. "फळ्यावर रोज तुमचंच अक्षर बघायचे ना मी. बागवे बाई घरी आल्या तेव्हाच मी त्यांना बोलले, हे अक्षर तुमचं नाही. तर म्हणाल्या, ती स्वतः येऊन सांगेल तुला. तोवर तिच्यावर राग धरू नको."

तोवर म्हणजे पंधरा वर्षं. तिनं राग धरला नव्हता, आणि ते बघायला बाई नव्हत्या.