आधी जेवण, मग आभार

आमच्या चर्चच्या आवारात राहणारे एक शेजारी होते; ताट समोर आलं की ते लगेच तुकडा मोडायचे. मी डोळे मिटून प्रार्थना म्हणत असायचो आणि समोरून कांदा फोडल्याचा आवाज यायचा. "चव घेतल्याबिगर आभार कशाचं मानू?" असं त्यांचं म्हणणं. रेल्वेत कारकून होते. गाणं बेसूर, ढेकर मोठा.

दुष्काळातल्या एका रविवारी ते आमच्याकडे जेवायला होते. पाहुण्याला रेशनच्या निकृष्ट लाल ज्वारीची भाकरी वाढताना बायकोचा चेहरा उतरला होता. मी नेहमीची प्रार्थना नेहमीच्या चालीत उरकली. त्यांनी पोटभर खाल्लं, हात धुतले आणि मग डोळे मिटले.

"बापा, भाकरी लई कडक हुती, पर गरम हुती. वहिनी सकाळधरनं चुलीम्होरं हाईत, धुरानं डोळं लाल झाल्यात. त्यांच्या हातांसाठी तुजं उपकार. आमेन."

"काहीतरीच भावजी!" बायको पदराने डोळे पुसत हसली. मला मात्र मान वर करवेना. इतकी वर्षं तिच्यासमोर मी देवाचे आभार मानत आलो, पण त्यात ती कधीच नव्हती. तिचे लाल डोळेही मी पाहिले नव्हते.

दुसऱ्या सकाळी तिने चहा ठेवताच मी घाईने म्हणालो, "छान झालाय."

"अहो, आधी प्या तरी!"

प्यालो. गूळ जरा जास्त होता. तसं सांगितलं, आणि आलं आठवणीने घातल्याबद्दल आभारही मानले. ती खुदकन हसली, आणि चुलीकडे परत न जाता आपला कप घेऊन समोर बसली.