सांगलीच्या अलीकडचा एक सिग्नल

१. रविवारी सकाळी सहाला स्कूटरवरून साताऱ्याहून सांगलीला निघाले. खुल्या नकाशातल्या सिग्नलच्या नोंदी तपासायच्या होत्या.
२. नऊ चौक पाहिले. आठ नोंदी बरोबर.
३. नववा सिग्नल नकाशातून काढून टाकला. शेरा लिहिला: 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली.'
४. तो सिग्नल आहे.

हा नकाशा कुणीही दुरुस्त करू शकतं. अगदी मीसुद्धा.

जाणाऱ्यांसाठी: कराडजवळ हायवेचं काम चालू आहे, अर्धा तास जास्तीचा धरा. पेठ नाक्याला वळल्यावर उसाचे ट्रॅक्टर लागतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या. ओव्हरटेकची घाई नको. पेट्रोल जाऊन-येऊन सहाशेच्या आत.

नववा चौक पुलाच्या चढाला. तिन्ही दिवे बंद, काचांवर धूळ. मी फोटो काढला, दहा मिनिटं गाड्या पाहिल्या, नोंद पुसली आणि समाधानाने चहा मागितला.

"कशाचा फोटू काढलास गं?" टपरीवाल्या मावशींनी विचारलं.

"बंद पडलेल्या सिग्नलचा."

"पडलाय कुठं? ऊस हाय तवर बंद ठेवत्यात. भरलेली ट्रॉली चढाला थांबली तर परत हलती व्हय? कारखाना थांबला की हे चालू."

माझ्याकडे पॉवर बँक होती, रकाने आखलेली वही होती. 'कुणाला विचारलं?' हा रकाना नव्हता.

बाकावर पांढरी काठी घेऊन एक आजोबा बसले होते. मावशी त्यांना म्हणाल्या, "अप्पा, हिनं तुमचा सिग्नल पुसला बघा."

"आरारा! मग माझा फोन गप बसंल की."

अप्पांना दिसत नाही. त्यांचा फोन याच नकाशावरून 'पुढे सिग्नल' असं बोलतो. मग ते थांबतात, मावशींना हाक मारतात, त्यांचा हात धरून रस्ता ओलांडतात.

"न्हाई बोलला तर मी सरळ ट्रॉलीखाली," अप्पा म्हणाले. "लय शिकलीयस वाटतं?"

"इंजिनिअर आहे."

"तरीच."

नोंद तिथेच उभ्याने परत घातली. अप्पांचा फोन दर शनिवारी नवा नकाशा घेतो, म्हणून माझी चूक त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. संध्याकाळी घरी आले. सांगलीहून आणलेलं भडंग दोन दिवसांत संपलं. शेरा मात्र राहिला. नकाशाच्या इतिहासातून तो काढता येत नाही. त्याखाली माझी चूक लिहून ठेवली आहे.

पण काम अर्धंच झालंय. फोन 'सिग्नल' म्हणतो आणि हंगामात गाड्या थांबत नाहीत. सोमवारी टपरी बंद असते, तेव्हा हाक मारायला मावशीही नसतात. 'हंगामात बंद' हे फोनने सांगायला हवं, आणि त्यासाठी मला नेमके महिने हवेत. यावेळी अंदाज करणार नाही.

त्या चौकातून रोज जाणाऱ्यांनी सिग्नल कधी बंद होतो, कधी सुरू होतो, ते कृपया खाली लिहावं. येत्या शुक्रवारपर्यंत.