पळसावरची अळी

हिरूला किळस कसली ती ठाऊक नाय. शेळीच्या जखमेतले किडे काडीनं वेचायची नि त्याच हातानं तंबाखू मळायची. डोंगरपायथ्याच्या वाडीतली ठाकरीण, चाळिशी गाठलेली. रोज पायवाटेनं माथेरान चढून एका हाटेलात झाडलोट करायची. तिथं मात्र तिला शिसारी आली, ती कशी ते सांगतो.

हाटेलाच्या जेवणघरात कुणा गोऱ्या साहेबानं दीडशे वर्षांमागं रंगवलेलं चित्र हाय. पळसाची तीन पानं, वर हिरवी लठ्ठ अळी, शेजारी तिचं काळंपिवळं फुलपाखरू. अळीचा एकेक पट्टा जित्ता. मॅनेजर मनोजच्या डोक्यात आलं, चित्राखाली काचेच्या पेटीत खऱ्या अळ्या ठेवू. हिरूनं परसातल्या लिंबूच्या झाडावरच्या अकरा आणल्या, डहाळीसकट.

"लिंबू कशाला? चित्रात पळस हाय, पळस टाक."

"पळस खात नाय ती, दादा. मरंल."

"साहेब येडा होता काय गं?"

हिरू चित्राकडं बघून खुदकन हसली. "साहेब नाय, आमचाच कुणी म्हातारा. आमी रानातनं मध आणू नायतर मासं आणू, पळसाच्या पानातच गुंडाळतो. त्यानं तशीच अळी नेली असंल, नि साहेबानं पुडी बी रंगवली."

"तुला कुणी विचारलं? चित्र नि पेटी जुळली पायजे. नायतर उद्यापासून येऊ नको."

पेटीत पळस पडला. अळ्या काचेवर चढायच्या, खाली पडायच्या. हिरूनं ओच्यातनं लिंबूचा पाला आणून टाकला, तर मनोजनं तो फेकला नि पेटीला कुलूप घातलं. पाचव्या दिवशी आठ अळ्या काळ्या पडून पाघळल्या. मुंग्या लागल्या, घाण सुटली. एक पाव्हणी बाई तोंडात आमलेट घोळवत फोटो काढीत म्हणाली, "किती गोड, झोपल्यात!" मनोजनं कुलूप काढलं नि आत गुलाबाचं अत्तर फवारलं. मेलेल्यांवरही, जित्त्यांवरही.

हिरूनं झाडू टाकला नि पेटीत हात घातला. उरलेल्या तिघींनी भेदरून डोक्यातनं नारिंगी शिंगं काढली. सडक्या फळासारखा दर्प सुटला. मनोज नाक धरून मागं सरला.

"शी! हातात धरवतं तरी कसं तुला?"

"हिचा वास मला चालतो," हिरू म्हणाली. "तुझ्या अत्तरानं वकारी येते."

तिघींना ओंजळीत घेऊन तशीच चालती झाली ती. काम गेलं. डोंगर उतरेस्तोवर आणखी दोन मेल्या. तिसरी तिनं परसातल्या झाडावर ठेवली. बराच वेळ ती ढिम्म. मग पानाची कड धरून कुरतडायला लागली. उन्हं कलली तेव्हा अर्धं पान गेलं होतं नि खाली एक काळी लेंडी पडली होती. ती बघून हिरू चूल पेटवायला उठली.