बळीची वाट

"राम आला असंल की! पण त्याच्या आधीपासनं माणसं बळीची वाट बघत्यात." दिवे रामासाठी लावतात असं कुणी म्हटलं की अक्का असं म्हणत पदर खोचायच्या आणि दिवाळीच्या पाडव्याला गल्लीतल्या पोरांना उंबऱ्यावर बसवून घ्यायच्या.

मग गोष्ट. दानशूर बळीराजा, दारात आलेला बुटका वामन, तीन पावलं जमीन. तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर आणि राजा थेट पाताळात. "पण वामनानं शब्द दिलता. वर्षातनं एक दिवस वर ये, तुझी माणसं बघून जा. त्यो दिवस म्हंजे पाडवा. म्हणून दिवं." आवाज असा की कोपऱ्यावरच्या गिरणीत ऐकू जावा.

तुमच्याही गल्लीत असं मोठ्या आवाजाचं एखादं माणूस असेल. ते एवढं का ओरडतं, हे आपण विचारत नाही.

अक्का शिरोळकडच्या. पंचगंगेच्या महापुरात म्हशीचं दावं सोडायला गेलेला त्यांचा नवरा परत आला नाही. देहही सापडला नाही. मुलीला घेऊन त्या कोल्हापुरात आमच्या शेजारी आल्या, ब्लाऊज शिवू लागल्या. पाडव्याला बायका नवऱ्याला ओवाळतात. अक्का पाट मांडायच्या, भोवती रांगोळी काढायच्या आणि रिकाम्या पाटाला ओवाळायच्या. कपाळभर कुंकू लावून.

गावाकडून दीर यायचे. "वैनी, दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकूया. दादाचा जीव अडकला असंल."

"जित्या माणसाची क्रिया करतोस व्हय रं? च्या पी आन् जा."

भिंतीपलीकडे आम्ही हसायचो.

मग मुलीचं लग्न मुरगूडला ठरलं. पत्रिका छापायला जायची वेळ आली. मुलगी मशीनजवळ येऊन उभी राहिली. "आई, बाबांच्या नावाआधी काय लावायचं?"

अक्का शिवतच राहिल्या.

"सासरची विचारत्यात, बाबा हायत का न्हाईत. मी काय सांगू?" पोरगी रडायला लागली.

मी तिथंच बसले होते. मशीन थांबलं. अक्का म्हणाल्या, "कैलासवासी लाव."

पंचगंगेच्या घाटावर दिरांनी पुतळा जाळला. अक्कांनी मंगळसूत्र स्वतःच काढलं. लग्न नीट पार पडलं.

त्या वर्षी पाडव्याला त्यांच्या दारात अंधार. पोरं सवयीनं उंबऱ्यावर येऊन बसली, तर त्या म्हणाल्या, "जावा घरला." मी म्हटलं, "अक्का, एक पणती तरी लावा."

पहिल्यांदाच त्या इतक्या हळू बोलल्या. "बळीला वामनानं शब्द दिलता गं. आमच्या माणसाला पुरानं कुठं दिलाय?"

पुढं त्यांचं जेवण तुटलं. डॉक्टरांना रोग सापडेना. मुलगी सासरी न्यायला आली, तर गेल्या नाहीत. मी डबा ठेवायची, तो संध्याकाळी तसाच असायचा. पावसाळ्यात त्या गेल्या.

रक्षाविसर्जनाला पंचगंगा गढूळ होती, पायऱ्या चढत होती. मुलगी रक्षेचं गाठोडं मांडीवर घेऊन बसली. हात काही सुटेना. दिरांनी जवळ येऊन म्हटलं, "बाळ, सोड आता."

तिनं वर पाहिलं. "ह्याच पाण्याला आईबी द्यायची व्हय, काका?"

दीर तिच्याशेजारी पायरीवर बसले.