बॉयलरवरच्या चपला

आमच्या नागपूरच्या मिलमध्ये बॉयलर दुरुस्तीला आत उतरणारा माणूस तोंडाशी चपला काढून ठेवायचा. चपला दिसल्या की आत माणूस आहे, झाकण लावायचं नाही. पाटी-बिटी काही नाही. आमचा जीव चपलांच्या भरवशावर.

त्या मे महिन्यात मी आत बसून पत्र्यावरचे क्षार फोडत होतो. जवळ रॉकेलची चिमणी. अचानक वरचा उजेड गेला, झाकण बसलं, बोल्ट आवळले गेले. मी बोंबललो, हातोड्याने पत्रा बडवला. पण शेजारच्या बॉयलरवर चौघे रिव्हेट ठोकत होते. त्या गदारोळात माझं ठोकणं कोण ओळखणार? थोड्या वेळाने पायांना गार लागलं. चाचणीसाठी आत पाणी सोडलं होतं.

चिमणी विझली. मी आतल्या जाड नळीवर चढलो, तरी पाणी कमरेपर्यंत आलं. घरी बायको गरोदर होती. मी ढसाढसा रडलो, देवाला शिव्या घातल्या, मग त्याच्याच विनवण्या केल्या. जेवणाच्या सुट्टीत शेजारचे हातोडे थांबले, पण माणसंही जेवायला निघून गेली असणार. तरी ठोकत राहिलो. पाणी छातीला लागलं तेव्हा हात उचलेनासा झाला.

आणि झाकण उघडलं. वर माझा कामातला जोडीदार होता. रिव्हेट ठोकून ठोकून ठार बहिरा झालेला.

"पाण्यानं पत्रा गार झाला, मनलं टेकून जेवावं," तो ओरडून सांगत होता. "तं पाठीले ठोके लागून राहिले! चपला काहून नाही ठेवल्या गा?"

ठेवल्या होत्या. मुकादमाने उचलल्या होत्या.

"पाणी सोडाच्या आधी नारळ फोडाचा होता बाप्पा," मुकादम म्हणाला. "पूजेच्या जागी चपला कशा राहू देऊ?"

दुसऱ्या दिवशी उरलेले क्षार काढायला मलाच आत जायचं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. चपला ठेवल्या, पण पाय उचलेना. पाणी काढल्यामुळे पत्रा मेच्या उन्हाने पुन्हा तापला होता. जोडीदाराने सदरा काढला आणि पत्र्याला उघडी पाठ लावून खाली बसला. मुकादम त्याला कामावर चल म्हणून ओरडला, पण बहिऱ्यापुढे ओरडून काय होणार!

मी आत उतरलो. भीती गेली नव्हती. संध्याकाळपर्यंत, गरज नव्हती तिथेही, मी ठोकत राहिलो.